लक्ष सुटतं तेव्हा : सात आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

२ जून

आजपासून ही वही. का सुरू केली ते आधी लिहून ठेवते, म्हणजे मध्येच कंटाळा आला तर मागे येऊन वाचता येईल.

गेल्या महिन्यात मी तपासून दिलेल्या एका पुस्तकाच्या दुसऱ्या प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीत, लेखकाला अकरा चुका सापडल्या. एका पानावर तर अख्खी ओळ दोनदा आली होती. मुद्रितशोधनाचं काम मी सोळा वर्षं करते आहे. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. तरीही 'दिनदुबळे' माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि पेन्सिल हलली नाही. लेखक चांगुलपणाने बोलले, पण मला रात्रभर लागून राहिलं.

कामाला बसताना पानाच्या कोपऱ्यात वेळ लिहायची मला सवय आहे, ती आज उपयोगी पडली. अकरापैकी आठ चुका एकेका बैठकीच्या उत्तरार्धातल्या पानांवर होत्या. म्हणजे प्रश्न माहितीचा नाही, अवधानाचा आहे.

घरातही तेच चाललंय. महिन्याभरात नळ दोनदा चालू राहिला. एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचावा लागतो. परवा बहीण फोनवर काहीतरी मनापासून सांगत होती. मध्येच थांबून ती म्हणाली, "ताई, तू ऐकत नाहीयेस." मी खरंच ऐकत नव्हते.

दोन गोष्टी मोजायच्या. बैठकीच्या कोणत्या भागात चुका निसटतात, ही एक. आणि दिवसभरातल्या साध्या कामांत मन किती वेळा जागेवर असतं, ही दुसरी. बदल एका वेळी एकच करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

३ जून

मोजणीची सोय बहिणीने केली. जुन्या, छापून झालेल्या मजकुरातले वीस-वीस पानांचे चार भाग मी तिला दिले. प्रत्येक भागात तिने वीस चुका पेरल्या, दर पाच पानांत पाच. कुठे आणि कसल्या, हे तिलाच ठाऊक. 'सूत'चं 'सुत', गळलेला अनुस्वार, चुकीच्या अक्षरावर गेलेला रफार, दोनदा आलेला शब्द, 'आणि'ला दीर्घ वेलांटी, अशा आमच्या धंद्यातल्या नेहमीच्या चुका ठेव म्हणून सांगितलंय. एक भाग एका बैठकीत, न उठता. साधारण ऐंशी मिनिटं लागतात.

७ जून

चारही बैठका झाल्या. बहिणीने यादी काढून ताडून पाहिलं. पहिल्या पाच पानांच्या टप्प्यात वीसपैकी १८ चुका सापडल्या, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १३, चौथ्यात १२. एकूण ऐंशीपैकी ५९.

आकडे बघून वाईट वाटलं. त्याहून वाईट हे, की शेवटच्या टप्प्यात मी थकले आहे असं मला एकदाही जाणवलं नव्हतं. डोळे ओळींवरून सरकत होते, पेन्सिल हातात होती, पानं उलटत होती. सगळं चालू होतं, मी मात्र तिथे नव्हते.

९ जून

या उतरणीवर आधी कोणी काम केलंय का ते शोधत होते. केलंय, आणि तेही फार जुनं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवाले पडद्यावर पाणबुड्यांच्या खुणा शोधत तासन्‌तास बसत. काही वेळाने समोर आलेली खूणही त्यांच्याकडून निसटायची. असं का होतं, याचा शोध मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला. त्यांनी एक घड्याळ केलं. कोरी तबकडी, आकडे नाहीत, काटा सेकंदाला एक टप्पा पुढे सरकणार आणि क्वचित कधीतरी एकदम दोन टप्पे उडी घेणार. उडी दिसली की कळवायचं. बैठक दोन तासांची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटायला लागल्या. हे काम १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं.

मला त्यातलं घड्याळ विशेष पटलं, कारण माझं कामही हुबेहूब तसंच आहे. शंभरातले नव्व्याण्णव शब्द बरोबरच असतात. काटा एक-एक टप्पा जातो, जातो, जातो, आणि एखाद्याच शब्दावर उडी मारतो. शोधायची गोष्ट जितकी विरळ, तितकं टक लावून बसणं अवघड. त्या प्रयोगात बसलेली माणसं आळशी नव्हती आणि बेजबाबदारही नव्हती. सोळा वर्षं मी स्वतःला 'नीट बस, मन लाव' असं दटावत आले. दटावून त्या रडारवाल्यांचंही भागलं नसतं. बैठकीची घडणच बदलायला हवी.

पण ती आत्ताच नाही बदलायची. आधी दुसरी मोजणी.

१० जून

दिवसातल्या कामांत मन जागेवर आहे का, हे कसं मोजायचं? भरकटलं की वहीत रेघ मारायची, असं आधी ठरवलं होतं. त्यात खोट आहे. भरकटल्याचं लक्षात आलं तरच रेघ मारली जाणार. जे लक्षातच आलं नाही ते वहीत येणार कसं?

म्हणून लेकीची मदत घेतली. सिम नसलेल्या एका जुन्या फोनवर ती रोज सकाळी सहा गजर लावते, वेळा मला न सांगता, आणि फोन कपाटात ठेवून जाते. गजर वाजला की तीनच प्रश्न. काय करत होतीस? मन तिथे होतं का? नसलं तर, ते नाही हे गजराआधी तुला कळलं होतं का?

१४ जून

पाच दिवस, तीस गजर. सतरा वेळा मन दुसरीकडे होतं.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसात अवचित वेळी फोनवरून हेच विचारलं होतं. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. तेव्हा सतरा हा आकडा जगावेगळा नाही.

माझी झोप उडाली ती तिसऱ्या प्रश्नाने. सतरापैकी अकरा वेळा मन गेल्याचा मला पत्ताच नव्हता. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, लेकीची वही बघताना. गजर वाजला नसता तर ते किती वेळ बाहेर राहिलं असतं कोण जाणे.

आजवर 'एकाग्रता वाढवायची' म्हणजे मनाने जास्त वेळ बसायचं, असंच मी धरून चालले होते. या वहीतला आकडा काहीतरी वेगळं सांगतोय. मन जाणारच. गेल्याचं मला उशिरा कळतं, तिथे माझी गाडी अडली आहे.

१५ जून

पहिला बदल : कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, आवाज बंद.

१८ जून

फोनबद्दल दोन गोष्टी वाचल्या. नुसता सूचनेचा आवाज झाला आणि फोन उचललाही नाही, तरी हातातल्या कामात चुका वाढतात, असं २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. टिंग झालं की 'कोण असेल' एवढा विचार पुरतो. दुसरा प्रयोग २०१७ चा. बंद फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धीवर ताण येतो, असा त्याचा दावा होता. तो पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा निकाल सारखे आले नाहीत. त्यामुळे त्यावर मी फार विसंबत नाही. तरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला काही खर्च नाही, तेव्हा राहू दे.

आता माझं निरीक्षण. फोन बाहेर गेला आणि पहिल्या दिवशी मी त्याच्यासाठी नऊ वेळा उठले. कोणी बोलावलं नव्हतं, काही वाजलं नव्हतं. अवघड वाक्य आलं, मूळ प्रतीतलं अक्षर लागेना, किंवा एक पान संपलं, की पाय आपोआप दाराकडे. कचेरीतल्या माणसांचा माग काढणाऱ्या ग्लोरिया मार्क यांच्या अभ्यासांतही हेच आहे. कामातले जवळजवळ निम्मे खंड माणसाने स्वतःच पाडलेले असतात.

तेव्हापासून 'आपण होऊन उठणं' असा वेगळा रकाना केलाय. काल सहा, आज पाच.

आणखी एक. उठण्याच्या आधी दरवेळी एक छोटीशी अस्वस्थता येते, छातीत किंचित घाई झाल्यासारखी. ती ओळखता आली तर उठणं टळतं. आज दोनदा ओळखली.

२१ जून

दुसरा बदल : 'नंतर'चा कागद. काम करताना जे काही दुसरं डोक्यात येईल ते शेजारच्या कागदावर टाकायचं आणि परत ओळीवर यायचं.

पहिल्या दिवशी काम झालं नाही. 'वीजबिल' असं लिहिलं. पाच मिनिटांत वीजबिल परत डोक्यात. पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा उठून भरूनच टाकलं.

२३ जून

कागदाचं गणित सुटलं.

अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं, ही गोष्ट ब्लूमा झायगार्निक यांच्या १९२७ च्या लेखापासून चर्चेत आहे. मध्येच तोडलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं त्यांना आढळलं होतं. पुढच्या संशोधकांना ते दरवेळी तसंच मिळालं नाही. पण २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलेली गोष्ट माझ्या जास्त कामाची आहे. राहिलेलं काम मध्ये मध्ये डोकावू नये म्हणून ते पुरं करायलाच हवं असं नाही. ते कधी आणि कसं करणार याची ठोस योजना झाली, तरी मन त्याला सोडतं.

म्हणजे 'वीजबिल' एवढा शब्द पुरेसा नव्हता. काल लिहिलं : 'पाणीपट्टी. संध्याकाळी सहाला, दिवा लावायला उठेन तेव्हा, टेबलाच्या खणातला कागद समोर ठेवून.' ती परत आली नाही. आज सात गोष्टी अशा लिहिल्या. सहा गप्प बसल्या. सातवी लेकीच्या शाळेतल्या एका तक्रारीची होती. तिच्यासाठी 'कधी' लिहिता आलं, 'कसं' लिहिता येईना, आणि तीच दिवसभर घुमत राहिली. तिथे कागदाचा दोष नाही. तो विषय खरोखरच माझ्याजवळ सुटलेला नाही, त्याला वेळ द्यायला हवा.

आपण होऊन उठणं : आज दोन.

२४ जून

रात्री निजण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांचा असाच कागद करते आहे. झोप लवकर लागते.

२६ जून

तिसरा बदल : बैठक लहान.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विसावा, ही फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची पद्धत पुष्कळांना ठाऊक असते. टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून त्यांनी ती १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू केली. दोन दिवस करून पाहिली. माझ्या कामात घड्याळ नेमकं चुकीच्या जागी वाजतं. मूळ प्रतीशी ताडून पाहताना डावा हात एका ओळीवर, उजवा दुसऱ्या. तिथे गजर झाला की दोन्ही ओळी हरवतात, आणि परतल्यावर सुरुवात कुठून करायची यातच दोन मिनिटं जातात.

म्हणून मिनिटं सोडून दिली, पानं धरली. पाच पानं झाली की उठायचं, मग वीस मिनिटं झालेली असोत की चोवीस. उठण्याआधी कोपऱ्यात लिहायचं : 'पुढे : पान ६, वरून पहिली ओळ.' परत येणाऱ्या मनाला हात धरून बसवण्यासाठी एवढं पुरतं.

२८ जून

विसाव्यात काय करायचं, यावरून आज धडा मिळाला. पाच पानं झाल्यावर पाच मिनिटं फोन बघितला. कोणाचा तरी लांबलचक निरोप, त्यात थोडी कटकट. परत आले आणि पुढची दोन पानं त्या निरोपाला मनातल्या मनात उत्तर देण्यात गेली. दुसरी एखादी गोष्ट अर्धी टाकून कामाकडे वळलं की तिचा गाळ मनात राहतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये याला 'अवधानाचा उरलेला अंश' अशा अर्थाचं नाव दिलं. विसाव्यात असं काही हातात घ्यायचंच नाही, जे अर्धवट राहू शकेल.

आता विसाव्यात खिडकीशी उभी राहते. लांबच्या झाडाकडे पाहते, खांदे मोकळे करते, पाणी पिते. चार मिनिटांत परत.

२९ जून

हाताने दाखवून मोठ्याने बोलायचं, हा चौथा बदल. हा घरासाठी.

जपानमधल्या रेल्वेत चालक आणि फलाटावरचे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तिथे ही शंभराहून जास्त वर्षांची रीत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या चाचणीत या रीतीमुळे साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या होत्या. रोजचं काम हात परस्पर उरकून टाकतात, मनाला विचारतही नाहीत. बोट उचलावं लागलं आणि आवाज काढावा लागला की मनाला यावंच लागतं.

मी चार जागा निवडल्या : नळ, गॅस, कुलूप, आणि बाहेर पडताना किल्ल्या. 'नळ बंद.' 'कुलूप लावलं.' लेकीला पहिल्या दिवशी वेगळं वाटलं, आज ती स्वतःच 'किल्ल्या घेतल्या' म्हणाली. दाराबाहेर पडून पुन्हा कुलूप ओढून बघायला मागे येणं चार दिवसांत एकदाही झालं नाही. (२६ पासूनच हळूच सुरू केलं होतं, नोंद आज करते. एका वेळी एकच बदल हा नियम इथे मोडला, पण हे मोजमाप प्रुफाच्या मोजमापात मिसळत नाही.)

२ जुलै

लेकीला ताप. नोंद नाही.

५ जुलै

ताप उतरला. तीन रात्री मिळून जेमतेम बारा तास झोप झाली असेल. तरी आज मला ताजंतवानं वाटत होतं, म्हणून बहिणीने पेरून दिलेल्या नव्या भागाची बैठक उरकून घेतली. पाच-पाच पानांचे टप्पे, खिडकी, 'नंतर'चा कागद, सगळं यथासांग केलं.

वीसपैकी अकरा.

झोपेवरचं एक काम वाचलं होतं ते आठवलं. हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांचं, २००३ चं. चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं अवधान इतकं घसरलं, की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांशी तुलना व्हावी. त्यातली मला घाबरवणारी गोष्ट वेगळी होती. त्या लोकांना स्वतःला आपण फारसे पेंगुळलेले नाही असंच वाटत होतं. मलाही आज अगदी तसंच वाटत होतं.

आज हे काम एखाद्या खऱ्या पुस्तकाचं असतं तर? जागरणाच्या दुसऱ्या दिवशी दुसरं प्रूफ हातात घ्यायचं नाही. मुदत पुढे ढकलायला सांगावं लागलं तरी सांगायचं. कारण विचारलं तर खरं कारण सांगायचं. हा या वहीतला एकमेव नियम आहे, जो मी प्रयोग संपल्यावरही बदलणार नाही.

६ जुलै

दुपारी दोन तास झोपले. बाकी काही नाही.

८ जुलै

पाचवा बदल, आणि मला सगळ्यांत जवळचा.

रोज सकाळी दहा मिनिटं श्वास मोजते. एक ते दहा, परत एकपासून. मोजणी सुटली किंवा तेरा-चौदावर जाऊन पोचली, की एकवर यायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दहापर्यंत फक्त चार वेळा पोचले.

विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच नोंदवलंय, की ठरवून लावलेलं लक्ष एका दमात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. आपण ज्याला टिकून राहणं म्हणतो ते पुन्हा पुन्हा परत आणणं असतं. हे वाचून १४ जूनच्या नोंदीकडे परत गेले. दहा मिनिटांत मन वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आलं, तर तो वीस वेळा सराव झाला. आधी मी त्या वीस चुका म्हणून मोजल्या असत्या.

परत येताना स्वतःवर चिडायचं नाही, हे शिकायला चार दिवस गेले. 'परत गेलंच शेवटी' असं म्हणण्यातही मन पाच-सात सेकंद बाहेरच राहतं. नुसतं 'एक' म्हणायचं.

११ जुलै

प्रुफाच्या कामात याचा उपयोग दिसला. चांगलं लिहिलेलं पान असलं की मी वाचक होते. अर्थाच्या ओघात डोळे शब्दाचा आकार पाहतात, अक्षरं पाहत नाहीत. मेंदू तिथे असायला हवा तो शब्द स्वतःच भरून घेतो, म्हणून 'शीर' जाऊन 'शिर' आलं तरी खटकत नाही. आज तिसऱ्या पानावर कळलं, की गेला अर्धा परिच्छेद मी गोष्ट म्हणून वाचते आहे. अर्धाच परिच्छेद! पूर्वी हे तीन-चार पानांनी कळायचं, किंवा लेखकाने दाखवल्यावर.

मागे गेले, तो अर्धा परिच्छेद पुन्हा घेतला. त्यात एक अनुस्वार गळला होता.

शेवटच्या ओळीकडून पहिलीकडे उलटं वाचायचा उपाय काही जण करतात. मी करून पाहिला. वेलांट्या सापडतात, पण वाक्य तुटल्यामुळे गाळलेला शब्द किंवा चुकलेला प्रत्यय हाती लागत नाही. मला तो पहिल्या फेरीसाठी पटत नाही. त्यापेक्षा ओठांतल्या ओठांत वाचणं आणि ओळीखाली पट्टी सरकवणं बरं.

१३ जुलै

कामाची एक लांब बैठक फोनवरून झाली. माझा संबंध फक्त शेवटच्या पंधरा मिनिटांशी होता, पण ऐकणं भाग होतं. ऐकताना कागदावर चौकटी काढून त्या रेघांनी भरत बसले. जॅकी अँड्राड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस जणांना एक कंटाळवाणा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला होता. आकार भरत बसलेल्यांना त्यातलं २९ टक्के जास्त आठवलं. कंटाळवाण्या ऐकण्यात हाताला इतकंच हलकं काम दिलं की मन लांब जात नाही, हे मला आज पटलं. बैठकीतल्या तिन्ही तारखा लक्षात राहिल्या.

माणूस स्वतःचं काही सांगत असताना मात्र हे करायचं नाही. तिथे कागद, पेन्सिल, घड्या घालायचे कपडे, सगळं बाजूला.

१६ जुलै

दुसरी मोजणी पूर्ण. बहिणीने नव्याने पेरलेले चार भाग, सगळे पुरेशा झोपेनंतर (५ जुलैचा भाग यात धरलेला नाही). टप्प्यांनुसार १८, १७, १७, १६. एकूण ऐंशीपैकी ६८.

पहिला टप्पा जसा होता तसाच राहिला. माझी मुळातली नजर काही तीक्ष्ण झालेली नाही. उतार कमी झाला. तेवढाच हवा होता.

बारा चुका अजूनही सुटल्या, आणि त्या कुठल्या तेही पाहिलं. पाच चुका शीर्षकांत आणि पानाच्या माथ्यावरच्या ओळींत होत्या, जिथे अक्षर मोठं असल्यामुळे मी तपासतच नाही. हा अवधानाचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे. शीर्षकं, पृष्ठांक, माथ्याच्या ओळी यांची स्वतंत्र फेरी करायची, सगळ्यांत आधी, मन ताजं असताना.

२० जुलै

गजरांची दुसरी फेरी : पाच दिवस, तीस गजर. मन बाहेर होतं चौदा वेळा. आधी सतरा होतं, म्हणजे फार फरक नाही.

गजराआधी कळलेलं नव्हतं, असं चार वेळाच झालं. आधी अकरा.

गजर वाजणार हे ठाऊक असल्यामुळे मी जास्त सावध राहत असेन, ही शंका आहेच. म्हणून लेकीला सांगितलंय, की महिनाभराने न सांगता कुठल्याही एका आठवड्यात पुन्हा लाव.

काल रात्री बहिणीचा फोन आला. मी खुर्चीत बसले, हातात काही नाही, दिवा मंद. ती नव्या कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांबद्दल सांगत होती. मध्ये दोनदा माझं मन १६ तारखेच्या आकड्यांकडे गेलं. दोन्ही वेळा तिच्या वाक्याच्या आतच कळलं. दुसऱ्या वेळी तिला सांगितलं, "थांब, मधलं एक वाक्य माझं राहिलं, परत सांग." ती क्षणभर गप्प झाली, मग सांगितलं, आणि त्यानंतर मूळ गोष्टही सांगितली, जी तिला बहुधा आधी सांगायची नव्हती. सोमवारी तिची त्यांच्याशी भेट आहे.

'नंतर'च्या कागदावर लिहिलंय : 'सोमवारी रात्री नऊला, जेवणं झाल्यावर, तिला फोन. भेट कशी झाली ते विचारायचं.'

मंगळवारपासून नवं पुस्तक, दोनशे चाळीस पानं, पहिलं प्रूफ. रोज चार टप्पे, वीस पानं. बारा दिवस सांगितले आहेत, त्यावर दोन दिवस राखीव मागून घेतले.